यादी सरकारकडे आहे, आपल्याकडे नाही

सामाजिक संस्थांच्या राजकारणात पारदर्शकता हवी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आहे: हवी, आणि आज आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त हवी. ज्या संस्थेला समाजसेवेच्या नावावर करात सवलत मिळते, जमीन मिळते, अनुदान मिळतं, तिने निवडणुकीत कुणासाठी काय केलं आणि पैसा कुठून आणला, हे कळायलाच पाहिजे. माझं भांडण त्यापुढच्या प्रश्नावर आहे. कळायला पाहिजे, पण कुणाला? आपले बहुतेक कायदे म्हणतात, सरकारला. मी म्हणतो, लोकांना.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गाव बुलढाणा जिल्ह्यात. आमच्या कामात कुठलाही डेटाबेस उभा करताना आधी ठरवावं लागतं की वाचायचा अधिकार कुणाला आणि बदलायचा कुणाला. एकाच माणसाला सगळं वाचता येतं, सगळं पुसता येतं आणि बाकी कुणाला काहीच दिसत नाही, अशा सिस्टीमला आम्ही पारदर्शक म्हणत नाही. त्या माणसाला आम्ही ॲडमिन म्हणतो. भारतात संस्थांच्या पैशांबाबत सरकार ॲडमिन आहे. तुमच्या-माझ्याकडे लॉगिनसुद्धा नाही.

शेगावची सभा आणि मुंबईचं विधेयक

नोव्हेंबर २०२२ मध्ये राहुल गांधींची भारत जोडो यात्रा आमच्या जिल्ह्यातून गेली. १८ नोव्हेंबरला शेगावला मोठी सभा झाली. यात्रेत काँग्रेसवाले होतेच, पण त्यांच्यासोबत अनेक सामाजिक संघटनाही चालत होत्या. पक्षाचं सदस्यत्व न घेता, पण उघडपणे एका राजकीय यात्रेत.

दोन वर्षांनी, डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी याच संघटनांचा विषय काढला. यातल्या काही संघटना नक्षलवाद्यांच्या 'फ्रंटल' संघटना आहेत, असा आरोप त्यांनी केला. परदेशी हस्तक्षेपाचाही उल्लेख झाला. संघटनांच्या बाजूने आरोप फेटाळले गेले.

आता साध्या माणसाला यातून काय हवं असतं? कोणत्या संघटना होत्या, त्यांचे विश्वस्त कोण, त्यांना पैसा कोण देतं, यात्रेवर त्यांनी किती खर्च केला. ही माहिती टेबलावर ठेवली असती तर आरोप खरा की खोटा हे शेगावच्या चहाच्या टपरीवरसुद्धा ठरवता आलं असतं.

तसं काही झालं नाही. झालं ते असं: १० जुलै २०२५ ला विधानसभेने आणि ११ जुलैला विधान परिषदेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या होत्या. विधानसभेत ठाम विरोध नोंदवला तो माकपच्या विनोद निकोले या एकट्या आमदाराने. या विधेयकाने सरकारला संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार दिला. तिच्या सदस्याला तुरुंग, तिच्या मालमत्तेवर जप्ती. पण कुठल्या संस्थेने आपल्या देणगीदारांची यादी लोकांसमोर ठेवावी, असं त्यात काही नाही. म्हणजे आरोप पैशाचा आणि छुप्या राजकारणाचा, आणि उपाय कुलपाचा. ज्याला हिशेब हवा असतो तो वही मागतो. दुकानाला सील ठोकायची घाई ज्याला असते, त्याला वही वाचायची नसते.

आपल्या जिल्ह्यातलं खरं 'एनजीओ राजकारण'

'एनजीओ' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झोळीवाला कार्यकर्ता येतो. परदेशी पैसा, दिल्लीतलं ऑफिस, इंग्रजीतला अहवाल. माझ्या जिल्ह्यात सगळ्यात ताकदवान नफा न कमावणारी संस्था तशी दिसत नाही. तिचं नाव 'अमुक शिक्षण प्रसारक मंडळ' असं असतं. शाळेच्या कमानीवर, संस्थेच्या नावाखाली बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक असतो: 'महा' ने सुरू होणारा सोसायटीचा आणि 'एफ' ने सुरू होणारा ट्रस्टचा. कायद्याने ती १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येते आणि तिचा अध्यक्ष, सचिव किंवा त्यांचा मुलगा-सून आमदारकीपासून बाजार समितीपर्यंत कुठल्या ना कुठल्या निवडणुकीत उभे असतात.

हे नातं मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. पंजाबराव देशमुख राजकारणीच होते. मध्य प्रांत-वऱ्हाडात शिक्षणमंत्री, पुढे देशाचे कृषिमंत्री. त्यांनी १९३२ साली अमरावतीला उभी केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था नसती तर वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या कॉलेजचं तोंड न बघता संपल्या असत्या. राजकारणातल्या माणसाने शाळा काढावी. प्रश्न असा आहे की शाळेतून राजकारण चालतं तेव्हा त्याची नोंद कुठे होते?

मी ज्या कॉलेजात शिकलो तिथे एका निवडणुकीत कॉलेजच्या बस सभेला गेल्या. तास रद्द झाले, हजेरी मात्र लागली. ती सभेच्या मैदानावर. प्राध्यापक बूथच्या याद्या घेऊन गावोगाव फिरले. कुठलं कॉलेज, कुठला पक्ष, हे लिहीत नाही, कारण वाचणाऱ्या दहापैकी सात जणांना ते आपलंच कॉलेज वाटणार आहे. नात्यातले एक काका अनुदानित शाळेवर आहेत. त्यांना विचारलं, तुम्ही प्रचाराला का जाता? ते म्हणाले, "बाबू, अध्यक्ष साहेब उभे हायेत. आता मले सांग, मी नाही म्हनू तं म्हनू कसा?"

त्या काकांचा पगार सरकार देतं. म्हणजे तुम्ही-आम्ही देतो. शाळेची इमारत कधी अध्यक्षांच्या घरच्या जमिनीवर असते आणि भाडं घरातच जातं. बसचं कंत्राट भाच्याकडे. यातलं प्रत्येक काम बेकायदा असेलच असं नाही. पण निवडणुकीच्या खर्चात त्या बसचं डिझेल येत नाही, प्राध्यापकांचे दिवस येत नाहीत, संस्थेचा हॉल येत नाही. उमेदवाराच्या शपथपत्रात, म्हणजे फॉर्म २६ मध्ये, ट्रस्टचा उल्लेख येतो तो सरकारशी केलेल्या कंत्राटांपुरता. 'आपण कोणकोणत्या संस्थांचे पदाधिकारी आहात आणि त्यांना सरकारकडून वर्षाला किती रक्कम मिळते' हे विचारणारा रकानाच नाही.

दुसऱ्या बाजूला, ट्रस्ट आपला लेखापरीक्षण अहवाल दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे भरतो. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ खाली परवानगी घ्यावी लागते. म्हणजे माहिती नाही असं नाही. माहिती आहे, ती बुलढाण्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आहे. उमेदवारांची माहिती निवडणूक आयोगाकडे आहे. अनुदानाची माहिती शिक्षण विभागाकडे आहे. या तिन्ही याद्या एकमेकींशेजारी कुणी ठेवत नाही, इतकंच.

ठेवल्या तर काय होतं, याची झलक २०२५ मध्ये नागपूर विभागात दिसली. शालार्थ या पगाराच्या प्रणालीत बोगस आयडी तयार करून, रीतसर नियुक्तीच न झालेल्या लोकांच्या नावाने शासनाचा पगार उचलला गेला. अधिकाऱ्यांना आणि संस्थांशी संबंधित लोकांना अटक झाली. संस्थेचे कागद, विभागाची मान्यता आणि पगाराची नोंद या तीन गोष्टी कुणालाही जुळवून बघता आल्या असत्या, तर हे इतकी वर्षं चाललं असतं का?

सिमेंटची यादी, देणगीची यादी

याद्या जुळवण्याची ताकद महाराष्ट्राने एकदा पाहिली आहे. आपल्या वयाच्या वाचकांना ती गोष्ट बहुधा कुणी सांगितलेली नसते, म्हणून सांगतो.

१९८० साली बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' नावाचा ट्रस्ट काढला. उद्देश ऐकायला सुंदर: साहित्यिक आणि कलावंतांना मदत. तेव्हा सिमेंट नियंत्रणाखाली होतं. दुकानात जाऊन पोती आणता येत नसत, सरकार वाटप करायचं. मुंबईत बांधकामं चालू होती आणि बिल्डर सिमेंटसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होते.

ऑगस्ट १९८१ च्या शेवटी अरुण शौरी यांनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये प्रकरण बाहेर काढलं. ट्रस्टला देणगी देणारे आणि सिमेंट मिळवणारे यांचा संबंध काय, हा त्यातला गाभा. पुढे प. बा. सामंत आणि मृणाल गोरे यांच्यासारखी विरोधी पक्षातली मंडळी हायकोर्टात गेली. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला की देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांचा संबंध होता. मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. फौजदारी खटला त्यानंतर वर्षानुवर्षं चालत राहिला.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. तो ट्रस्ट गुप्त नव्हता. परदेशी नव्हता. नक्षलवादी तर नव्हताच. स्वतः मुख्यमंत्र्यांनी काढलेला, चांगल्या उद्देशाचा देशी ट्रस्ट होता. त्याला उघडं पाडलं ते गृहखात्याने नाही. कुणीतरी देणगीची यादी आणि सिमेंटची यादी शेजारी शेजारी ठेवली म्हणून ते उघड झालं. पारदर्शकता म्हणजे एवढंच असतं: दोन याद्या, आणि त्या जुळवून पाहण्याची सामान्य माणसाला असलेली मोकळीक.

दिल्लीचा कायदा: खाली काच, वर पडदा

आता परदेशी पैशाकडे येऊ, कारण या विषयावर बोललं की तो मुद्दा येतोच. परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, आणीबाणीत आला, १९७६ साली. २०१० मध्ये नव्याने लिहिला गेला. पक्ष, उमेदवार, आमदार-खासदार आणि 'राजकीय स्वरूपाच्या संघटना' यांनी परदेशी पैसा घ्यायचा नाही, असं तो सांगतो. तत्त्व मला मान्य आहे. माझ्या मतदारसंघाचा निर्णय परदेशातल्या पैशाने होऊ नये.

पण हा नियम सगळ्यात आधी कुणी मोडला ते पाहा. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की वेदांता समूहातल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही एफसीआरएचा भंग केला आहे. सहा महिन्यांत कारवाई करा, असं कोर्टाने सांगितलं. कारवाई झाली नाही. २०१६ च्या वित्त कायद्यात 'परदेशी स्रोत' या शब्दाची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून मागे जाऊन. तरी १९७६ च्या जुन्या कायद्याखालच्या देणग्या उरत होत्या. मग २०१८ च्या वित्त कायद्याने तो बदल थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेला. ४२ वर्षं मागे जाऊन चूक बरोबर केली गेली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पक्ष यात सुखाने एकत्र सुटले.

संस्थांना मात्र काय मिळालं? २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगीचं खातं फक्त दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत काढायची सक्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे द्यायला बंदी आली. मोठ्या शहरातली संस्था पैसा आणते आणि मेहकर-लोणारकडची छोटी संस्था त्यातून काम करते, ही साखळी तिथेच तुटली.

तरीही कुणी म्हणेल, कडक का होईना, पारदर्शकता तर आली? नाही आली. जुलै २०२२ मध्ये गृहखात्याने नियम बदलून, दर तिमाहीला मिळालेल्या परदेशी देणग्या वेबसाइटवर जाहीर करण्याची तरतूदच काढून टाकली. त्याच सुमाराला खात्याच्या वेबसाइटवर लोकांना दिसणारे संस्थांचे वार्षिक हिशेब आणि परवाने रद्द झालेल्या संस्थांच्या याद्याही दिसेनाशा झाल्या. संस्था हिशेब अजूनही भरतात. गृहखातं अजूनही वाचतं. फक्त तुमचा आणि माझा वाचायचा अधिकार गेला. परदेशी पैशाची एवढी भीती असेल, तर तो कुठे येतो हे लोकांपासून लपवायचं कारण काय?

देशी देणग्यांचंही तेच. २०२१-२२ पासून ८०-जी ची सवलत देणाऱ्या प्रत्येक संस्थेला फॉर्म १०-बीडी भरावा लागतो. त्यात देणगीदाराचं नाव, ओळख क्रमांक, रक्कम, सगळं असतं. म्हणजे सरकारविरोधी अहवाल छापणाऱ्या संस्थेला पाच हजार रुपये कुणी दिले हे सरकारला कळतं. आणि पीएम केअर्स? तो २०२० मध्ये नोंदलेला सार्वजनिक धर्मादाय ट्रस्ट आहे, पंतप्रधान त्याचे अध्यक्ष आहेत, त्याला एफसीआरएतून सूट आहे, आणि तो माहिती अधिकाराखाली येत नाही अशी सरकारची कोर्टात भूमिका आहे. विदर्भातच मुख्यालय असलेला, शंभरी गाठलेला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ तर संस्था म्हणून नोंदलेलाच नाही. आम्ही व्यक्तींचा समूह आहोत, असं त्यावर सरसंघचालक मोहन भागवतांचं २०२५ मधलं उत्तर आहे. उत्तर कायद्यात बसत असेलही. पण मग बाकीच्यांना कागदांच्या ढिगाखाली गाडताना पारदर्शकतेचं नाव घेऊ नका.

दोन पीडीएफ

निवडणूक रोख्यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना रद्द केली आणि स्टेट बँकेला माहिती द्यायला सांगितलं. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकल्यावर. कारण काय, तर रोखे घेणाऱ्यांची माहिती एकीकडे आणि वटवणाऱ्या पक्षांची दुसरीकडे. एकूण ४४,४३४ नोंदी जुळवायच्या होत्या.

चव्वेचाळीस हजार नोंदी जुळवायला साडेतीन-चार महिने लागतील, असं मी माझ्या टीम लीडला सांगितलं तर तो मला चहा पाजून घरी पाठवेल. कोर्टाने मुदत नाकारली. आधी दोन वेगवेगळ्या पीडीएफ आल्या, मग आठवड्याभरात रोख्यांचे क्रमांकही आले. त्या रात्री देशभर माझ्यासारख्या कितीतरी लोकांनी लॅपटॉपवर दोन्ही याद्या जुळवल्या. कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले, हे सकाळपर्यंत लोकांच्या फोनवर होतं. अंतुल्यांच्या वेळी जे काम पत्रकार आणि कोर्टाने केलं, ते या वेळी दोन कॉलम आणि एका क्रमांकाने झालं.

मग पैसा थांबला का? त्याने रस्ता बदलला. २०१३ पासून 'इलेक्टोरल ट्रस्ट' नावाची सोय आहे. ही कायद्याने नफा न कमावणारी कंपनी असते. तिचं एकमेव काम म्हणजे कंपन्यांकडून देणग्या घ्यायच्या आणि वर्षाला किमान ९५ टक्के रक्कम पक्षांना वाटायची. रोखे गेल्यावर या ट्रस्टचं महत्त्व पुन्हा वाढलं. ट्रस्ट देणाऱ्यांची यादी जाहीर करतो, घेणाऱ्या पक्षांचीही करतो. पण एका ट्रस्टला वीस कंपन्यांनी दिलं आणि त्याने पाच पक्षांना वाटलं, की कुणाचा पैसा कुठे गेला हे सांगता येत नाही. पुन्हा दोन याद्या, आणि मधला क्रमांक गायब. देशातली सगळ्यात उघड राजकीय बिनानफा संस्था हीच आहे. तिच्यावर जनसुरक्षेचं सावट मात्र कुणाला दिसत नाही.

मित्रांची भीती

आता मला चळवळीतल्या मित्रांशी बोलायचं आहे. त्यातल्या काहींना माझं म्हणणं आवडणार नाही. ते म्हणतात, देणगीदारांची नावं उघड केलीस तर उद्या त्यांच्या दारात नोटीस जाईल, धाड पडेल, ट्रोल येतील. जिल्ह्याच्या ठिकाणी तर दुकानदार आम्हाला शंभर रुपये देतानाही आजूबाजूला बघतो.

ही भीती खरी आहे आणि जुनी आहे. अमेरिकेत १९५६ साली अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेकडे सदस्यांची यादी मागितली होती. कागदावर कारण नियमांचंच होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, यादी द्यायची गरज नाही, कारण यादी उघड झाली तर माणसांच्या नोकऱ्या आणि जीव धोक्यात येतील. रशियाने २०१२ मध्ये 'परदेशी एजंट' कायदा आणला, जॉर्जियाने २०२४ मध्ये तसाच, नावातच 'पारदर्शकता' असलेला. परदेशातून २० टक्क्यांहून जास्त पैसा घेणाऱ्या संस्थेवर शिक्का मारायचा. शिक्का बसला की पुढचं काम गर्दी करते.

पण मित्रांनो, आजच्या स्थितीत तुमचे देणगीदार सुरक्षित आहेत, हा तुमचा समज कुठून आला? ज्याच्यापासून त्यांना धोका आहे त्याच्याकडे यादी आधीच आहे. १०-बीडीत आहे, एफसीआरएच्या खात्यात आहे. नाही ती फक्त त्या लोकांकडे, जे तुमच्या बाजूने उभे राहू शकले असते. आणि तुम्ही गुप्ततेची ढाल मागता, तेव्हा त्याच ढालीमागे शिक्षणसम्राट आणि इलेक्टोरल ट्रस्टही येऊन उभे राहतात. त्यांना ती जास्त चांगली पेलते.

यावर उपाय आहे: छोट्या माणसाला झाका, मोठ्या पैशाला उघडं करा. पक्षांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-सी मध्ये २० हजारांची रेघ आहेच. आणि राजकारण म्हणजे काय, याची व्याख्या नीट करा. एफसीआरएच्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, जेल भरो करणाऱ्या संघटनेलाही 'राजकीय' ठरवता येत होतं. मार्च २०२० मध्ये इन्साफ या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला: पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरणं म्हणजे राजकीय संघटना होणं नव्हे. सोयाबीन-कापसाच्या भावासाठी ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी रास्ता रोकोत बसलेलं आहे, त्या आमच्या जिल्ह्याला हा फरक कोर्टाने समजावून सांगायची गरज नाही. खूप आधी, १९४४ साली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाबद्दल म्हटलं होतं की काँग्रेसशी नातं असलं तरी खादीचं काम हे धर्मादायच आहे. इंग्रजांच्या कोर्टाला जे कळलं ते आपल्या सरकारला कळू नये?

मग काय हवं?

हे सगळं करायला दिल्लीची वाट बघायची गरज नाही. धर्मादाय संस्था हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे आणि १९५० चा कायदा महाराष्ट्राचा स्वतःचा आहे. त्यात एक प्रकरण वाढवा. ते तीन प्रकारच्या संस्थांना लागू करा. एक, जिचा पदाधिकारी किंवा त्याच्या घरातलं कुणी निवडून आलेलं आहे किंवा उभं आहे. दोन, जी मुख्यतः सरकारी अनुदानावर चालते. तीन, जी निवडणुकीच्या काळात एखाद्या पक्षासाठी किंवा उमेदवारासाठी, अथवा त्यांच्याविरुद्ध, प्रचारावर पैसा खर्च करते.

या संस्थांनी चार गोष्टी ऑनलाइन, मराठीत आणि शोधता येतील अशा जाहीर कराव्यात. पदाधिकारी आणि त्यांची आपसातली नाती. ठरलेल्या रकमेच्या वरचे देणगीदार. पदाधिकाऱ्यांच्या घरच्यांशी केलेले व्यवहार: भाडं, कंत्राटं, नेमणुका. आणि निवडणुकीच्या काळात संस्थेच्या गाड्या, इमारती आणि माणसं कुठे वापरली गेली. स्कॅन केलेली वाकडी पीडीएफ चालणार नाही. प्रत्येक संस्थेचा एकच क्रमांक सगळ्या खात्यांत असावा, म्हणजे कुणालाही जुळवता येईल. उमेदवाराच्या शपथपत्रात तो क्रमांक टाकायला एक रकाना वाढवावा, ही मागणी मात्र केंद्राकडे करावी लागेल.

शिक्षा काय? दंड, आणि दंडाची बातमी त्याच पानावर. नोंदणी रद्द करायचा अधिकार मंत्र्याच्या हातात अजिबात नको. हिशेब न देणाऱ्याला हिशेब द्यायला लावणं एवढंच कायद्याचं काम असावं. आणि सूट कुणालाच नको. भारत जोडोत चाललेल्या संघटनेला नको, आमदारांच्या मंडळाला नको, पंतप्रधानांच्या ट्रस्टला नको.

'आमच्या संस्थेवर लोकांचा विश्वास आहे, हिशेब कशाला?' असं काही जण म्हणतील. आमच्याकडे विश्वासाचं सगळ्यात मोठं नाव शेगावचं गजानन महाराज संस्थान. शिवशंकरभाऊ पाटलांच्या काळात तिथल्या चोख कारभाराच्या गोष्टी घराघरात सांगितल्या गेल्या. लोकांचा विश्वास बसला तो हिशेब चोख म्हणून. हिशेब विचारला म्हणून तिथे कुणाचा अपमान झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की सरकारच्या भरीव पैशावर चालणारी संस्था माहिती अधिकाराखाली येते. तेव्हा नवा कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. तुमच्या शाळेच्या कमानीवरचा तो बारीक अक्षरांतला नोंदणी क्रमांक फोनमध्ये टिपून घ्या. दहा रुपयांचा अर्ज करा. विश्वस्तांची यादी मागा, अनुदानाचा आकडा मागा. गेल्या निवडणुकीच्या उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर आहेत, ती उतरवून घ्या. दोन्ही शेजारी ठेवा आणि आडनावं वाचत चला.